चार दिवसांत किती जमतील?

सकाळी सहा

मृगाचा पाऊस पडून गेला की लोह्यातली माणसं दिवस उगवायच्या आतच बाहेर पडतात. नांदेड-लातूर रस्त्यावर खताच्या पोत्यांनी भरलेले टेम्पो धावायला लागतात, कृषी सेवा केंद्राचं शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं येऊन बसलेली असतात. माझं काम आरोग्य विम्याचं. या दिवसांत कोणी आपणहून विमा काढायला येत नाही. हाती असलेला रुपया न् रुपया बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांत चाललेला असतो. पण पॉलिसीची खरी बोलणी करायला मला जूनच बरा वाटतो. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची पट्टी खिशात असते तेव्हा माणूस म्हणतो, "लाखभर काय, भरून टाकू." तोच माणूस जूनमध्ये घरात खरोखर किती आहेत ते सांगतो.

साडेसहाला पहिला फोन. एका ग्राहकाच्या वडिलांना रात्री पोटात असह्य कळा आल्या, म्हणून नांदेडला डॉक्टर लेनमधल्या दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे, आजच ऑपरेशन. पोरगा घाबरलेला.

"ताई, इमा हाय म्हणून बिनघोर आलाव, अन् हे तर पन्नास हजार भरा म्हणू लालेत. मग इमा कामून काढला?"

चूक दवाखान्याचीही नाही आणि पॉलिसीचीही नाही. हप्ता कमी बसावा म्हणून या घराने पन्नास हजारांचा डिडक्टिबल निवडलेला आहे. वर्षभरात दवाखान्याचं जे मान्य बिल होईल त्यातले पहिले पन्नास हजार घराने सोसायचे, त्यापुढचं कंपनी देणार. पॉलिसी चौथ्या वर्षात आहे, त्यामुळे खड्यांसाठीची दोन वर्षं थांबण्याची अट केव्हाच संपली. मी त्याला सांगते, कॅशलेसच्या खिडकीवर पॉलिसीचं कार्ड, आधार आणि डॉक्टरांचा कागद दे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे कंपनीला तासाभरात उत्तर द्यावं लागतं, आणि घरी सोडताना शेवटच्या बिलावर तीन तासांत. पन्नास हजार मात्र आपलेच. त्याची पावती गहाळ होऊ देऊ नको.

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "आईच्या नावची ठेव हाय, तीच मोडताव."

ती ठेव त्यासाठीच आहे. पॉलिसी काढली त्या आठवड्यातच ती बँकेत ठेवायला लावली होती. डिडक्टिबल घ्यायचा आणि तेवढे पैसे कुठे बाजूला टाकायचे नाहीत, तर वाचवलेल्या हप्त्याला काही अर्थ उरत नाही.

साडेआठ

ताटलीत मुरमुऱ्यांचा सुशीला, शेजारी या महिन्यातल्या नूतनीकरणाची यादी. खाता खाता मी नावांवर खुणा करते. गेल्या वर्षीपासून सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, मग आमचा हप्ता तेवढा का उतरला नाही? काहींचा उतरला. ज्यांचं वय पुढच्या टप्प्यात गेलं किंवा ज्यांच्या पॉलिसीचा मूळ दर वाढला, त्यांना फरक जाणवला नाही. ज्यांचे खरेच दोन-तीन हजार वाचले त्यांना मी एकच सांगते, ते डिडक्टिबलच्या ठेवीत टाका. दोन-चार वर्षांत तीच ठेव तुम्हाला निवांत झोप देईल.

सव्वादहा

बसस्थानकाच्या बाजूला एका किराणावाल्या मामांचं दुकान आहे. मामा हिशेबाला पक्के. नवरा-बायको आणि दोन लेकरं, दहा लाखांची एकत्र पॉलिसी घ्यायची आहे. नातेवाइकाने त्यांना सांगितलंय की डिडक्टिबल जितका मोठा तितका हप्ता छोटा, तेव्हा सरळ लाखाचा घ्या.

गिऱ्हाईक कमी असलं की मी त्यांच्याच चोपडीच्या मागच्या पानावर आकडे मांडते. आकडे समजण्यापुरते, कारण कंपनी, वय आणि गाव बदललं की तेही बदलतात. समजा डिडक्टिबल नसताना हप्ता २४,०००, पन्नास हजारांचा घेतला तर १८,०००, लाखाचा घेतला तर १५,०००.

"शून्यावरून पन्नास हजारावर गेलात तर वर्षाला सहा हजार वाचले. पन्नास हजार भागिले सहा हजार, म्हणजे साधारण आठ वर्षं. आठ वर्षांत घरातलं कोणीच अॅडमिट झालं नाही तर तुम्ही फायद्यात. आता पन्नासवरून लाखावर जा. जोखीम पुन्हा पन्नास हजारानेच वाढली, पण वाचले किती?"

मामांनी डोक्यातच केलं. "तीनच हजार."

"म्हणजे सोळा-सतरा वर्षं."

मामा पानाकडे बघत राहिले. माल भरताना क्विंटलमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. पहिल्या पायरीवर हप्ता चांगला उतरतो, पुढच्या प्रत्येक पायरीवर उतार कमी होत जातो. बहुतेक पॉलिसींचं असंच असतं. म्हणून 'सगळ्यात मोठा डिडक्टिबल' हे उत्तर क्वचितच बरोबर निघतं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. मी विचारलं, "मामा, आज संध्याकाळपर्यंत पन्नास हजार रोख काढायचे झाले तर कुठून काढाल?"

त्यांनी दुकानाकडे हात केला. सात-आठ लाखांचा माल असेल. पण मालाची पोती दवाखान्याच्या खिडकीवर चालत नाहीत. उधारीची वही दाखवली तीही जाडजूड, पण जूनमध्ये उधारी वसूल होत नाही, उलट वाढते. सगळं गाव पेरणीत गुंतलेलं असतं आणि किराणा त्याच वहीवर जातो. गल्ल्यात आणि पतसंस्थेच्या खात्यात मिळून किती, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "चाळीसेक हजार निघतील बगा."

मग पंचवीस हजारांचा डिडक्टिबल. हप्ता काही हजारांनी कमी होतो आणि वेळ आली तर गल्ल्यातून भरता येतो. मी आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून वदवून घेतली. पॉलिसीचा दर लोह्यासारख्या लहान गावाच्या विभागातला आहे. काही पॉलिसींत स्वस्त विभागातला माणूस पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जाऊन उपचार घेतो तेव्हा बिलाचे काही टक्के त्याला वेगळे भरावे लागतात. हा वाटा डिडक्टिबलच्या वरचा. मामांची सासुरवाडी हैदराबादेत, मोठा आजार झाला तर पहिली धाव तिकडेच. तेव्हा अशी अट नसलेलीच पॉलिसी बघायची, मग हप्ता हजारभर जास्त पडला तरी चालेल.

बारा

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली. दुपारी इथे विमा घ्यायला न आलेली माणसंच जास्त येतात. आज एक मावशी केशरी रेशनकार्ड घेऊन आल्या. नवऱ्याच्या छातीत दुखतं, डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितलीय. "विमा काढून दे बाई, किती लागतील?"

आज काढलेला विमा आज दिसणाऱ्या दुखण्याला कामाला येणार नाही. हे त्यांना स्पष्ट सांगावंच लागतं, आणि त्याच दमात पुढचा रस्ताही दाखवावा लागतो. सरकारी योजनेत आपला जिल्हा पहिल्यापासून आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती राज्यभर गेली आणि नंतर तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झालं, आणि रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं हे बघायचं राहिलं नाही. हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यात बसतात. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं, किंवा १५५३८८ वर फोन करून विचारायचं. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता मावशींना माहीत होताच. योजनेचं कार्ड अजून काढलेलं नव्हतं. ते करून द्यायला मी त्यांना शेजारच्या सेवा केंद्रात बसवून आले.

यात मला काही मिळत नाही, पण विम्याचा धंदा नीट करायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. ज्या घराला वर्षाला सहा हजारांचा हप्ता जड जातो, त्याच्या गळ्यात पॉलिसी मारण्याआधी फुकट असलेलं संरक्षण त्याच्या हाती आलंय का, हे बघायला नको का? तालुक्यात फिरताना अजूनही अशी घरं भेटतात की विम्याचा हप्ता भरतात आणि योजनेचं कार्ड मात्र काढलेलं नाही.

दोन

भाकरी, पिठलं, ठेचा. पंधरा मिनिटं पंख्याखाली. लाईट गेली म्हणून तीही पुरी झाली नाहीत.

तीन

स्कूटी घेऊन माळेगावच्या दिशेने एका वस्तीवर. हे घर चांगलं सात एकरांचं, विहिरीला पाणी. दोन भाऊ एकत्र, म्हातारी आई, दोघांच्या बायका, धाकट्याचा अकरावीतला मुलगा. ओसरीसमोर लाल कंधारी बैलांची जोडी बांधलेली, अंगावर कुठे पांढरा ठिपका नाही. आपल्या कंधार-लोहा भागाचीच ही जात. थोरल्या दादांनी बसायच्या आधी मला त्यांच्या खुरांना लावलेलं तेल दाखवलं.

दादांनी पक्कं ठरवून ठेवलं होतं. "सरकारचे पाच लाख हायतच. त्याच्यावरचा विमा द्या. पाच लाख डिडक्टिबल, वरती वीस लाख. मोबाईलवर बगितलं, पाच-सहा हजारात बसतंय."

ऐकायला हे चोख वाटतं, आणि मला दर आठवड्याला कोणी ना कोणी हेच सांगतं. म्हणून इथे मी घाई करत नाही.

सरकारी योजनेचे पाच लाख आणि खासगी पॉलिसीचा पाच लाखांचा डिडक्टिबल एकमेकांत बसतात असं धरून चालू नये. योजना यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचाराला चालते. तिथे तुमच्या हातात बिलच येत नाही, सरकार रुग्णालयाला ठरलेली रक्कम देतं. योजनेच्या यादीत नसलेल्या दवाखान्यात गेलात की ते पाच लाख तुमच्यासाठी शून्य. मी धाकट्याच्या मुलाकडे बघितलं. तो रोज मोटारसायकलवर लोह्याला क्लासला जातो, नांदेड-लातूरच्या मोठ्या रस्त्याने. "उद्या याला ठोकरलं आणि बरोबरच्यांनी घाईत नांदेडला समोर दिसेल त्या दवाखान्यात टाकलं. डोक्याला मार आहे, हलवता येत नाही. बिल झालं चार लाख. योजना लागली नाही, पॉलिसी पाच लाखांच्या पुढेच बोलते. चार लाख कोण भरणार?"

"बैलं हायत की," दादा म्हणाले. "ही जोडी कुणीबी उभ्या उभ्या घेईल."

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जोडी उभी केली तर बघायला गर्दी होईल यात शंका नाही. पण जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, अडलेल्या माणसाची जोडी कोण पुऱ्या भावाने घेतो? आणि घेतली तर पेरणार कशाने? दादा गप्प झाले. मग मी एकेक विचारत गेले. गेल्या साली अतिवृष्टीत सोयाबीन कुजलं. उरलं त्याला बाजारात काही हमीभावाचे ५,३२८ मिळाले नाहीत. तूर विकून झाली, ते पैसे खतात गेले. पीककर्ज भरून पुन्हा उचललं. किसान सन्मानचे आणि नमो योजनेचे हप्ते येतात ते दोन हजारांचे. घरात सोयाबीन साठवलेलं असतं तर गोदामात ठेवून तारण कर्ज मिळालं असतं, ७५ टक्क्यांपर्यंत. पण यंदा पोतंही शिल्लक नाही.

मग मी उंबऱ्यात उभ्या असलेल्या वहिनींना विचारलं. हे मी दर घरात करते, आणि माझा अनुभव असा की खरा आकडा तिथूनच येतो. पुरुष वर्षाचं उत्पन्न सांगतो, बाईला आज डब्यात काय आहे ते ठाऊक असतं.

"वहिनी, चार दिवसांत किती जमतील? जमीन आणि बैल न विकता."

त्यांनी आधी जावेकडे बघितलं. मग बोटावर मोजलं. बचत गटाचे दोघींचे मिळून चाळीस हजार, ते अध्यक्षबाईंनी ठरवलं तर दोन दिवसांत. माहेरचा भाऊ पन्नास देईल, त्याने याआधीही दिलेत. दागिने बँकेत ठेवले तर लाख निघतील. धाकट्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या पोस्टात दहा हायत," तेव्हा त्यांच्या नवऱ्याने चमकून बघितलं. सगळे मिळून दोन लाख.

"मग डिडक्टिबल दोन लाखांचाच."

दादांना हप्त्यातला फरक खटकला. दोन लाखांच्या डिडक्टिबलला हप्ता पाच लाखांच्यापेक्षा बराच चढतो हे खरं. म्हणून वरचं संरक्षण वीसवरून दहा लाखांवर आणलं. या घराला वीस लाखांचं छत किती उंच आहे यापेक्षा पहिली पायरी चढता येईल एवढी खाली आहे का, हे बघायला हवं. सगळ्यांनी मिळून एकच फ्लोटर, म्हणजे वर्षभरात कुणाकुणाची बिलं झाली ती मिळून एकदाच दोन लाख सोसायचे. पॉलिसी सुपर टॉप-अपच हवी, हे मी कागदावर दोनदा लिहून अधोरेखित केलं. साध्या टॉप-अपमध्ये दर अॅडमिशनला दोन लाख वेगळे मोजतात. वर्षात दीड-दीड लाखांची दोन बिलं झाली तर साधा टॉप-अप एक रुपया देत नाही, सुपर टॉप-अप तीन लाखांतले दोन वजा करून लाख देतो.

आजींना या फ्लोटरमधून बाहेर ठेवलं. त्या बहात्तर वर्षांच्या, आणि फ्लोटरचा हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमधून पाच लाखांचं संरक्षण आहे. त्यांचं वय वंदना कार्ड काढायचं. आजी मधूनच म्हणाल्या, "मला काय होतंय गं, पोराचं बघ." मी म्हणाले, "तुमचंही होतं, आजी, आधार कार्ड तेवढं द्या."

दादांनी अर्जावर सही केली नाही. रात्री विचार करतो म्हणाले. मीही ओढाताण केली नाही. सात एकरवाल्याला एवढा आकडा बायकांच्या डब्यांतून आला हे पचवायला एक रात्र लागेल.

साडेपाच

ऑफिसात परत. आज दाव्याची एक फाईल पुरी करायची होती. सुपर टॉप-अप, तीन लाख डिडक्टिबल, पॉलिसीचं वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. सप्टेंबरात घरधन्याला स्टेंट बसला, बिल २,१०,०००. मे महिन्यात बाईंचा गाडीवरून पडून पाय मोडला, बिल १,७५,०००. दोन्ही मिळून ३,८५,०००, म्हणून कंपनीकडून ८५,००० येणार असा घरच्यांचा हिशेब.

मी बिलांच्या ओळींवर पेन्सिल फिरवत गेले. हातमोजे, नोंदणी फी, सोबतच्या माणसाचं जेवण, फाईलचे पैसे, असल्या ओळी कंपनी धरत नाही, आणि डिडक्टिबल भरला गेला का हे मोजतानाही धरत नाही. पहिल्या बिलातून १४,००० गेले, दुसऱ्यातून १३,०००. मान्य रक्कम ३,५८,०००, तीन लाख वजा जाऊन हाती ५८,०००. बाईंचा चेहरा पडला. पण त्यांच्याकडे सप्टेंबरची सगळी मूळ कागदपत्रं होती, डिस्चार्ज समरीपासून औषधांच्या पावत्यांपर्यंत, प्लास्टिकच्या पिशवीत तारखेवार लावलेली. बरेच लोक 'डिडक्टिबलच्या आतलंच बिल आहे, कंपनी काही देणार नाही' म्हणून पहिल्या आजाराचे कागद फेकून देतात. मग दुसऱ्या आजाराच्या वेळी पहिले तीन लाख सोसले हे सिद्ध कशाने करणार? या बाईंनी ते जपले म्हणून ५८,००० मिळणार.

खोलीचं भाडंही बघितलं. पॉलिसीत मर्यादा असेल आणि त्याहून महागडी खोली घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च यांसारखे खर्चही त्या प्रमाणात कापतात. यांनी मर्यादेतलीच घेतली होती, तेवढं बरं.

मग मी त्यांना विचारलं, घरात आणखी कुणाचं ऑपरेशन लांबवलेलं आहे का? सासऱ्यांचा हर्निया होता, डॉक्टरांनी 'सवडीने करा' म्हणून सांगितलेला. ते याच पॉलिसीत चार वर्षांपासून आहेत. या वर्षाचे तीन लाख सोसून झालेत, तेव्हा ३१ जुलैच्या आत ऑपरेशन झालं तर मान्य बिल पहिल्या रुपयापासून कंपनीचं. १ ऑगस्टला मोजणी पुन्हा शून्यावर येईल. बाईंनी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला.

साडेसात

एक शिक्षक दांपत्य. शाळा नुकत्याच उघडल्यात, सर अजून पुस्तकवाटपाच्या यादीतून बाहेर आले नव्हते. त्यांचं म्हणणं, सरकारी नोकरी आहे, वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते, मोठा डिडक्टिबल घेतला तर काय बिघडलं? प्रतिपूर्ती ठरावीक आकस्मिक आणि गंभीर आजारांना आहे हे त्यांना तोंडपाठ. पण ती आधी खर्च करून, बिलं जोडून, मंजुरीच्या फेऱ्या मारून मिळते. नंतर येणारे पैसे डिडक्टिबल भरायला उपयोगी नाहीत. दवाखाना आज मागतो. मात्र या घराची एक जमेची बाजू आहे: दोन पगार, दर महिन्याला, जून असो की नोव्हेंबर. शिवाय बँकेत तीन लाखांची ठेव. यांना तीन लाखांचा डिडक्टिबल खुशाल झेपेल, आणि त्यांनी तोच घेतला. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, तुम्ही नव्या प्रणालीत आहात, तेव्हा करासाठी म्हणून हप्ता वाढवू नका, एवढं सांगून त्यांना मोकळं केलं.

नऊ

पुण्याहून फोन. लोह्याचीच मुलगी, हिंजवडीला कंपनीत. कंपनीच्या विम्यात आई-वडिलांनाही पाच लाखांचं कवच आहे, म्हणून वर पाच लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप हवाय. खालची पॉलिसी जिथे संपते तिथून वरची सुरू, हिशेब अगदी बरोबर.

"नोकरी बदलायचा विचार आहे का?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर बघतेय, ताई."

मग पाया हलतो. नोकरी सुटली की कंपनीचं कवच सुटतं, आणि नवी कंपनी आई-वडिलांना घेईलच असं नाही. त्या दिवशी पाच लाखांचा डिडक्टिबल तिच्या वडिलांच्या पेन्शनवर येऊन बसेल. वडील त्रेसष्ट वर्षांचे, साखरेच्या गोळ्या चालू. तेव्हा घाईने त्यांची स्वतःची पॉलिसी काढायला गेली तर मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. तीच पॉलिसी आज काढली तर तिच्या नोकरीच्या काळातच ही मुदत सरू लागेल.

तिने वडिलांना फोनवर जोडून घेतलं. सर निवृत्त ग्रामसेवक. "बाई, हप्ता लई होईल का?" पाच लाखांची पॉलिसी त्यांच्या वयाला महाग पडत होती. मी विचारलं, तुमच्या हाती चार दिवसांत किती निघतील? "पोस्टात लाख हायत, पोरीला न मागता." म्हणून असं जुळवलं: त्यांच्या नावावर तीन लाखांची पॉलिसी, लाखाच्या डिडक्टिबलसह, आणि त्यावर चार लाखांपासून पुढे बोलणारा सुपर टॉप-अप. पहिला लाख पोस्टातला, पुढचे तीन पॉलिसीचे, तिथून वरचा. मध्ये फट नाही. मुलीने दोनदा बेरीज करून बघितली.

"गोळ्यांचं लिहायचं का फॉर्मवर?" सरांनी आवाज खाली आणून विचारलं. "हप्ता वाढंल."

"लिहायचंच. पाच वर्षं झाल्यावर कंपनीला जुनं काही उकरता येत नाही, फसवणूक केली असेल तर येतं. लपवलेली साखर पहिल्याच रक्त तपासणीत सापडते, सर."

त्यांनी गोळीचं नाव सांगितलं, सुरू झाल्याचं साल सांगितलं, मी दोन्ही रकाने भरले. शेवटचा रिपोर्ट ते सकाळी ऑफिसात आणून देणार आहेत. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत वाचून पटली नाही तर परत करता येते, तेव्हा डिडक्टिबलचं पान मुलीने आणि त्यांनी वेगवेगळं वाचावं, असं सांगून फोन ठेवला.